गोठ्यातली स्पॅनिश

ला मांचा, स्पेन

प्रिय मित्रा,

तू स्पॅनिश शिकायला घेतलीस, याचा फार आनंद झाला. तू विचारलंस, 'शेवटच्या ओचा आ केला की मादीचा शब्द तयार, असंच ना?' बुर्रो गाढव, बुर्रा गाढवीण. थेर्दो डुक्कर, थेर्दा डुकरीण. इथवर ठीक. पण वळू तोरो आणि गाय बाका. मेंढा कार्नेरो आणि मेंढी ओवेखा. घोडा काबायो आणि घोडी येग्वा. आपण तरी बैलाचं 'बैलीण' कुठे करतो? म्हैस-रेडा, शेळी-बोकड या जोड्या लहानपणी जशा कानावरून आल्या, तशाच याही पाठ कर.

येग्वा माझा सर्वांत लाडका शब्द. तो लॅटिनमधल्या 'एक्वा'वरून आला आणि ती आपल्या 'अश्वा'ची बहीण. काबायो दुसऱ्याच लॅटिन शब्दातून आला, म्हणजे जुनं नाव घोडीनंच जपलं. ओवेखाच्या मुळाशीही संस्कृत 'अवि'चंच नातं आहे. हे कळलं त्या दिवशी इथलं परकेपण खरंच थोडं कमी झालं.

एक मात्र तुला चटकन पटेल. कळपाला नाव कुणाचं मिळतं ते बघ. आपण 'शेळ्या राखतो', 'कोंबड्या पाळतो' म्हणतो, मग त्यात बोकड-कोंबडे असले तरी. इथेही तसंच: लास काब्रास (शेळ्या), लास ओवेखास (मेंढ्या), लास गायिनास (कोंबड्या). दूध आणि अंडी जिच्याकडून, नाव तिचं. घोड्यांचं मात्र दोन्हीकडे उलट, तिथे नराचं नाव चालतं. (गायिना म्हणजे कोंबडी बरं का, गाय नव्हे. मी पहिले काही दिवस गोंधळलो होतो.)

विशेषण नामाच्या लिंगामागोमाग बदलतं. इथल्या प्रसिद्ध चीजला मेंढीचं दूध लागतं, तेही मांचेगा जातीच्याच. मेंढी स्त्रीलिंगी म्हणून 'ओवेखा मांचेगा', चीज पुल्लिंगी म्हणून 'केसो मांचेगो'. भित्र्या पुरुषाला मात्र 'उन गायिना' म्हणतात: शब्द कोंबडीचा, पण आधीचा 'उन' (म्हणजे 'एक') पुल्लिंगी. आपण अशा माणसाला शेळी म्हणतो. बाईला थेर्दा किंवा बाका कधीही म्हणू नकोस, ती शिवीच आहे.

क्रियापदंही सांभाळ. आपल्याकडे गाय गाभण असते आणि बाई गरोदर. इथे गाय 'प्रेन्यादा', बाई 'एंबाराथादा'. गाय व्यायली की 'पारिर', बाईसाठी सहसा 'दार आ लुथ', म्हणजे शब्दशः उजेडात आणणं. कोंबडी अंडी 'घालते', ते 'पोनेर', शब्दशः ठेवणं. धार काढणं म्हणजे 'ओर्देन्यार', यातला न्य नाकातून नीट काढ.

कालवडीला नोबिया म्हणतात. पण ही यादी माझ्याकडे अपुरी आहे. तुझ्या गोठ्यात पाट, शिंगरू, पारडी असे शब्द रोज बोलले जातात, शहरात राहून मी त्यातले निम्मे विसरलो. काकूंना विचारून पहिल्या वेताच्या म्हशीपासून भाकड गायीपर्यंत सगळे लिहून पाठव. मी इथल्या मेंढपाळांना एकेक विचारत जाईन.

काकूंना नमस्कार. गाभण गाय व्यायली की लगेच कळव.

तुझाच,
जुना सोबती