नागपूरच्या महाल भागातल्या काकूंना

आदरणीय काकूंना,
सप्रेम नमस्कार.

प्रयोग संपल्या संपल्या तुमच्याकडे यायचं होतं, पण नेपथ्य उतरवून टेम्पोत भरेपर्यंत साडेबारा वाजले. सायंटिफिक सभागृहातून महालात येऊन तेव्हा तुमची झोप मोडवेना. म्हणून हे पत्र.

हौशी राज्य नाट्य स्पर्धेला २२ दिवस उरले असताना आमची तालमीची जागा सुटली. दिवसभर नोकऱ्या करून रात्री आठला जमणाऱ्या अकरा जणांना आरडाओरडा कोण करू देणार? तुम्ही वाड्याची ओसरी दिलीत. शेजारपाजारच्यांना स्वतः सांगून आलात. चहाचं तर काय सांगू!

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे आहेत. तालमीच्या वेळी तुम्ही झोपाळ्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसायचात. तुमचे हात भराभर चालले की प्रवेश पडतोय, हात थांबले की रंगतोय, हे आम्हाला दोन दिवसांत कळलं. नाटक विनोदी आणि संहिता नवी, त्यामुळे लोक कुठे हसतील याचा काही अंदाज नव्हता. तुम्ही हसलात तिथे आम्ही थांबायला शिकलो. हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य घेतलं की ते वाया जातं, हे एरवी नटाला प्रयोगातच समजतं.

भाषेचंही तसंच. आमच्या नाटकातला थोरला भाऊ धाकट्याला म्हणत होता, "कशापायी झोपलास?" तुम्ही शेंग खाली ठेवलीत. "वाड्यातला माणूस असा नाही बोलत. तो म्हणते, काऊन बे, झोपून राह्यला का?" प्रयोगात या वाक्याला पहिली टाळी पडली.

आणि ती कडी! वाड्याचा सौदा वडिलांपासून लपवणारे तीन भाऊ एकाच दाराआड अडकतात, त्यावर आमचा अख्खा दुसरा अंक उभा. प्लायच्या दाराला कडी लावली की नुसतं 'टक्' व्हायचं. तुम्ही माजघराच्या जुन्या दाराची लोखंडी कडी काढून दिलीत. प्रयोगात तिचा खणखणाट शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि वडील काही बोलायच्या आतच सभागृह हसायला लागलं. विंगेत उभी असताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कडी तेल लावून, पुसून ठेवली आहे. रविवारी सकाळी सगळे येतो, दाराला बसवूनही देतो. तुम्ही काही करू नका, तर्री-पोहे आम्हीच आणतो.

तुमची,
नाटकातली थोरली सून