शहराच्या नियतकालिकांना बसायला जागा हवी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या ठाणे पुरवणीत अलीकडे शहराच्या सांस्कृतिक जीवनाविषयी जो सविस्तर लेख आला, तो मी दोनदा वाचला. गडकरी रंगायतन, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, घंटाळीचे सहयोग मंदिर, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम, सारे त्यात आले आहे. या शहरातून निघालेल्या मासिकांचा, साप्ताहिकांचा आणि दिवाळी अंकांचा मात्र त्यात उल्लेख नाही. ज्या खोल्यांत बसून ती तयार होत, त्यांचा तर नाहीच. ठाण्यातल्या एका सांस्कृतिक मासिकात मी १९८३ पासून एकोणीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून काम केले आहे. त्यामुळे ही उणीव मला टोचली आणि हे पत्र लिहावेसे वाटले.

मुंबईहून ठाण्याला आगगाडी येऊ लागल्याला जेमतेम तेरा वर्षे झाली होती, तेव्हा म्हणजे १८६६ साली, ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र ठाण्यातून सुरू झाले. ‘हिंदुपंच’ही इथलेच. १८९३ मध्ये वि. ल. भावे यांनी ऐन विशीत पुढाकार घेऊन मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले आणि पुढे जुनी मराठी कविता शोधून छापण्यासाठी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिकही चालवले. छापणे आणि छापलेले जपणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच गावात हाती घेतली होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आमच्या पिढीने त्यांपैकी दुसऱ्या कामात कसूर केली.

आमच्या मासिकाचे कार्यालय नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत होते. तळमजल्यावरच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले जात आणि ओल्या प्रुफांच्या शाईचा वास जिन्यातच येई. तिथले जुळारी सातवीपर्यंत शिकलेले होते. पण ओवीतले एक अक्षर कमी पडले की ते काम थांबवून वर येत आणि माझ्यासमोर कागद ठेवून ‘बाई, हे म्हणून बघा’ एवढेच सांगत. खिळे गेले, ऑफसेट आले, अंक वागळे इस्टेटमध्ये छापला जाऊ लागला, तरी पुढची काही वर्षे ते केवळ अंक चाळायला आमच्याकडे येत राहिले. दर शनिवारी दुपारी त्या दोन खोल्यांत शाळामास्तर, बँकेतले कारकून, कीर्तनकार, हौशी नट, चित्रकलेचे विद्यार्थी असे दहा-बारा जण तरी असत. कोणालाही आमंत्रण नसे.

एकदा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाने एका प्रायोगिक नाटकाचे परीक्षण आणून दिले. संपादकांनी ते वाचून त्याला विचारले की शेवटच्या प्रवेशात प्रकाश कोणत्या बाजूने येत होता. त्याला सांगता आले नाही. संपादकांनी स्वतःच्या खिशातून तिकिटाचे पैसे देऊन त्याला पुन्हा प्रयोगाला पाठवले आणि ते परीक्षण चौथ्या खर्ड्यानंतर, तीन महिन्यांनी छापले. नाटक पाहावे कसे, हे तो त्या खोलीत शिकला, आणि खरे सांगायचे तर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून मीही शिकले. आज ईमेलने आलेला मजकूर ईमेलनेच छपाईला जातो. तो वेळेवर जातो, सुबकही दिसतो. पण लेखक आणि संपादक समोरासमोर बसण्याचा प्रसंगच येत नाही, मग लिहिणाऱ्याला असा प्रश्न विचारणार कोण?

आमचे मासिक २००२ मध्ये बंद पडले. वर्गणीदार कमी झाले होते हे खरे, पण निमित्त झाले जागेचे. इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची ठरली आणि नव्या जागेचे भाडे मासिकाला झेपणारे नव्हते. शेवटच्या पाच महिन्यांचा माझा पगार चालकांनी मला कधीच दिला नाही. ते दुःख ओसरले; जे घडताना मी पाहिले ते मात्र ओसरत नाही. खोल्या रिकाम्या करताना मासिकाच्या सर्व वर्षांच्या फायली एका टेम्पोत भरून रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने गेल्या. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात १९६०, १९८८ आणि २०१० असे तीनदा भरले आहे. त्यांपैकी १९८८ च्या संमेलनाच्या वेळी आम्ही स्वयंसेवकांच्या, मंडपवाल्यांच्या, भोजनव्यवस्था सांभाळणाऱ्या महिलांच्या आठवणी गोळा करून दोन अंक काढले होते. तेही त्या टेम्पोत होते. मला दोन बांधीव खंड तेवढे वाचवता आले.

१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशित नियतकालिकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना पाठवावी लागते. पहिली काही वर्षे आम्ही ती पाठवत होतो. नंतर टपालखर्च वाचवण्याच्या नादात पाठवणे थांबवले, आणि त्या निर्णयाला मीही विरोध केला नाही, याची मला आजही खंत आहे. शिवाय प्रत कोलकात्यात सुखरूप असली, तरी कळव्याच्या किंवा कोपरीच्या विद्यार्थ्याला ती हाताळायला कशी मिळणार? ठाण्याच्या नियतकालिकांची फाइल ठाण्यातच हवी. टपालाच्या बाबतीत तर परिस्थिती आणखी कठीण झाली आहे. पुस्तके आणि अंक स्वस्तात व खात्रीने पोहोचवणारी नोंदणीकृत बुक पोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आणि वर्गणीदारांच्या बळावर चालणाऱ्या छोट्या अंकांना त्याचा थेट फटका बसतो.

दैनिकांविषयीही लिहिणे भाग आहे. आपण हे मनाला लावून घेऊ नये, कारण हे मी एका दैनिकाविषयी लिहीत नाही. पत्रकारांच्या आणि वृत्तपत्र कर्मचाऱ्यांच्या पगारांसाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये वैध ठरवल्या. माझ्या परिचयाचे जे तरुण ठाणे-नवी मुंबईची बातमीदारी करतात, त्यांच्या वाट्याला मात्र कंत्राट किंवा बातमीमागे मिळणारे मानधन आले आहे. एकाच मुलीने महापालिकेची सभा, घोडबंदर रस्त्यावरची कोंडी आणि संध्याकाळचा गाण्याचा कार्यक्रम सांभाळायचा, फोटो काढायचे, चित्रफीतही पाठवायची. अशा वेळी पहिला बळी जातो तो गाण्याच्या कार्यक्रमाचा. आयोजकांनी पाठवलेले प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे छापले जाते, त्यात गायिका नेहमीच ‘रसिकांना मंत्रमुग्ध’ करते, आणि कोणता राग कसा गायला गेला हे त्या शहरात कुठेही नोंदले जात नाही. या मुलीला मी दोष देणार नाही. तिला बसायला टेबल नाही, विचारायला वडीलधारे कोणी नाही आणि दुसऱ्यांदा प्रयोगाला जायला वेळ नाही.

नवी मुंबईत हे अधिक जाणवते. अनेक वृत्तपत्रे ऐरोली-महापे पट्ट्यातल्या छापखान्यांत छापली जातात, म्हणजे कागदाची रिळे आणि रात्रपाळीचे कामगार खाडीच्या अलीकडे आहेत. पण वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातल्या प्रयोगाविषयी लिहिणारे टेबल खाडीच्या पलीकडे, मुंबईत आहे. सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या या शहरात आज दुसरी-तिसरी पिढी मोठी होत आहे. गावठाणांतल्या आगरी-कोळी गाण्यांपासून कामोठ्याच्या सोसायट्यांतल्या एकांकिकांपर्यंत तिथे जे घडते आहे, त्याचे नीट वर्णन करणारे नियतकालिक तिथेच बसून निघायला हवे.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. आपल्या ठाणे पुरवणीत आठवड्यातून अर्धे पान स्थानिक परीक्षणांसाठी राखून ठेवावे, ते लेखकाच्या नावानिशी छापावे आणि प्रत्येक लेखाला मानधन द्यावे, मग ते थोडे का असेना. हौसेवर चालणारे काम फार तर एक पिढी टिकते, हे मी जवळून पाहिले आहे. ठाणे महापालिकेने आपल्या अखत्यारीतल्या एखाद्या वास्तूतली एक खोली शहरातल्या छोट्या नियतकालिकांना आळीपाळीने, नाममात्र भाड्याने वापरू द्यावी. तिथे एक लांब टेबल, संगणक, पंखा आणि कुलपाचे कपाट असले तरी पुरे. उद्घाटनाचा सोहळा नसला तरी चालेल.

तिसरी विनंती आपल्या वाचकांना आहे. घर बदलताना, माळा आवरताना, वडिलांचे सामान काढताना ठाण्यातून निघालेला कोणताही अंक सापडला, मग तो फाटका असो, एकटाच असो, एखाद्या शाळेचे किंवा मित्रमंडळाचे हस्तलिखित असो, तर तो रद्दीत घालण्याआधी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात दाखवावा. ग्रंथालयांनीही जागेच्या अडचणीमुळे असे अंक परत पाठवू नयेत. निदान त्यांची सूची करून घ्यावी. माझ्याकडचे दोन खंड मी येत्या महिन्यात ग्रंथसंग्रहालयात नेऊन देणार आहे. १९८८ चे ते दोन संमेलन-अंक कोणाच्या घरी असतील, तर आपल्या कार्यालयात तसे कळवावे, मी स्वतः येऊन त्यांच्या छायाप्रती करून घेईन.

आपली नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)