पडद्यावरची मोडकी अक्षरे: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काही संकेतस्थळांवर मराठी मजकूर नीट दिसत नाही, तेव्हा संगणक फॉरमॅट करून घ्यावा का, असे तुम्ही फोनवर विचारलेत. तसे मुळीच करू नका. अक्षरे बिघडून दिसण्याची कारणे मोजकी आहेत, त्यांतली बरीचशी तुमच्या संगणकात नसतातच, आणि दोष कुठे आहे हे बिघडलेले अक्षर नेमके कसे दिसते यावरून बहुधा ओळखता येते. "सगळे गिचमिड दिसते" एवढ्यावरून मला फोनवर काही सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहीत आहे. संगणक सुरू ठेवून, पत्र शेजारी घेऊन वाचलेत तर बरे.

काहीही बदलण्याआधी तेच पान आईच्या फोनवर उघडून पाहा. तिथेही ते तसेच बिघडलेले दिसले, तर दोष जवळजवळ नक्कीच त्या संकेतस्थळाचा आहे आणि तुम्ही संगणकात कितीही खटपट केलीत तरी उपयोग नाही. फोनवर नीट आणि संगणकावर बिघडलेले असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही तीन बटणे एकदम दाबून पान नव्याने मागवा. आजकाल बरीच संकेतस्थळे आपला फॉन्ट पानाबरोबरच पाठवतात आणि तो वाटेत अर्धवट अडकला की मजकूर विचित्र दिसतो किंवा काही क्षण दिसतच नाही. तरीही फरक पडला नाही, तर तेच पान खासगी खिडकीत, म्हणजे क्रोममधल्या 'इन्कॉग्निटो'त, उघडा. तिथे एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, एरवी बंद असतात. त्या खिडकीत पान सुधारले, तर जाहिराती अडवणारे एखादे एक्स्टेन्शन फॉन्टही अडवत आहे असे समजा. भिंग, घर, टोपली अशा चिन्हांच्या जागी चौकोन आणि बाकी मजकूर मात्र स्वच्छ, हे त्याचे ठळक लक्षण, कारण ती चिन्हे पुष्कळदा चित्रे नसून फॉन्टातली अक्षरेच असतात.

आता अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, त्याबद्दल. त्यात मजकूर सुखरूप असतो, फक्त त्या अक्षराचे रूप संगणकातल्या कोणत्याच फॉन्टात सापडलेले नसते. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या सामाईक तक्त्यात, देवनागरीला १२८ जागांचा एक मूळ विभाग दिलेला आहे आणि त्यात प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलाही, स्वतंत्र क्रमांक आहे. पानातून येतो तो हा क्रमांक, त्याला रूप देतो तो फॉन्ट. ठरलेल्या फॉन्टात एखादे अक्षर नसले, तर ब्राउझर संगणकातले इतर फॉन्ट धुंडाळतो आणि कुठेच मिळाले नाही तरच चौकोन काढतो. आई, 'ॲप' किंवा 'ॲलर्जी' या शब्दांतले पहिले अक्षर शेजाऱ्यांपेक्षा जाड दिसते असे तू म्हणालीस, ते यामुळेच. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी घडवलेल्या फॉन्टांत ते असण्याची शक्यता कमी, त्यामुळे ब्राउझरने ते दुसऱ्या फॉन्टातून उसने आणलेले असते. दिसायला खटकते, पण बिघाड नव्हे, सोडून द्यावे.

चौकोनच येत असतील तर मात्र उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून मंगल हा देवनागरी फॉन्ट होता, विंडोज ८ पासून निर्मला यूआय आला, आणि विंडोज १० मध्ये मंगल हा मागून घ्यायचा फॉन्ट झाला. तो हवा असेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ऑप्शनल फीचर्स' लिहून त्यातून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' जोडता येतात. त्याहून मी सुचवीन ते असे, की गूगल फॉन्ट्सवरून 'नोटो सान्स देवनागरी' मोफत उतरवून घ्या, झिप उघडा, फॉन्टाच्या फाइलवर उजवे बटण दाबून 'इन्स्टॉल' म्हणा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. फॉन्टांच्या खिडकीत पूर्वी कुणी काही उलटसुलट करून ठेवले असेल, तर कंट्रोल पॅनलमधल्या 'फॉन्ट्स'च्या सेटिंग्जमध्ये मूळ स्थिती परत आणण्याचे बटण आहे. ते दाबल्याने तुमच्या कागदपत्रांना धक्का लागत नाही.

बाबा, दुसरा प्रकार याहून निराळा आहे. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, त्यापाठोपाठ चार काटे फुटलेले एक छोटे वर्तुळ, मध्येच जपानी येनचे चिन्ह, आणि हीच जोडगोळी ओळीच्या ओळी पुन्हापुन्हा, असे दिसले की फॉन्टाचा विषय संपला. युनिकोडचे क्रमांक साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटांत, म्हणजे साठवणुकीच्या तीन लहान एककांत, ठेवले जाते आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी एकच असतो. पान युरोपीय लिपीच्या जुन्या तक्त्याप्रमाणे वाचावे असा ब्राउझरचा समज झाला, की तो प्रत्येक बाइटला वेगळे अक्षर मानतो, आणि पहिल्या बाइटचे त्या तक्त्यातले रूप म्हणजे तो तिरप्या रेघेचा ए. फायरफॉक्समध्ये ऑल्ट दाबल्यावर वर मेनूची पट्टी येते, तिच्यातल्या 'व्ह्यू'मध्ये 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे. ते दाबून बघा, पुष्कळदा पान जागच्या जागी सरळ होते. ते फिकट दिसून दाबले जात नसेल, तर पान तिकडेच बिघडले आहे. क्रोमने ही सोय काढून टाकली आहे, आणि माझ्या मते ते बरे केले नाही. अक्षरांच्या जागी नुसती साधी प्रश्नचिन्हे असतील, तर मजकूर साठवतानाच नष्ट झालेला असतो, तिथे कोणाचाच इलाज चालत नाही.

जुन्या संकेतस्थळांवर इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची निरर्थक खिचडी दिसते, तो तिसरा प्रकार. युनिकोड रुळण्याआधी कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, म्हणजे संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. फॉन्ट शोधत बसण्यापेक्षा मजकूर उचलून युनिकोड परिवर्तकात टाकावा, हे उत्तम, मात्र मूळ फॉन्ट कोणता ते आधी ठाऊक हवे, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी असते.

ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडणे, जोडाक्षर सुटून पाय मोडलेला दिसणे, मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ येणे हे पूर्वी विंडोज एक्सपीवर सर्रास होई, कारण तिथे अक्षरजुळणीची सोय वेगळी चालू करावी लागे. आता ती ब्राउझरमध्येच असते. म्हणून आज असे दिसले तर एक तर पानाचा फॉन्ट अपुरा आहे किंवा मजकूरच पीडीएफमधून उचलून जसाच्या तसा चिकटवलेला आहे. यांतले कोणते, हे पाहायचे तर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये फॉन्टांच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात जाऊन 'पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू द्यावे' या अर्थाच्या चौकटीतली खूण काढा. अक्षरे सुधारली तर फॉन्ट दोषी. पाहून झाल्यावर खूण परत करा, नाही तर चिन्हांची पंचाईत होईल. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात ही बाबांची तक्रार रास्त आहे, पण ती संकेतस्थळवाल्यांनी पानाची भाषा मराठी असल्याचे सांगून दूर करायची आहे.

एका गोष्टीबाबत मात्र मी आग्रहाने सांगते. कोणतेही पान स्वतःहून "फॉन्ट सापडला नाही, इथे दाबून तो अद्ययावत करा" असे म्हणाले, तर काहीही न दाबता ते बंद करा. २०१७ साली क्रोम वापरणाऱ्यांना नेमके असेच फसवले गेले. पानातला मजकूर मुद्दाम विस्कटायचा, 'हॉफ्लर टेक्स्ट' नावाचा फॉन्ट नसल्याची खिडकी दाखवायची, आणि 'अपडेट'च्या नावाखाली फायली ओलीस धरणारा प्रोग्रॅम उतरवायचा, असा तो डाव होता. खरा ब्राउझर फॉन्ट नसल्याबद्दल कधीच तक्रार करत नाही, तो निमूटपणे दुसरा वापरतो. फॉन्ट हवा असेल तर तो आपण शोधून आणायचा, आणि उतरलेल्या फाइलचे नाव 'ईएक्सई'ने संपत असेल तर ती फॉन्टाची फाइल नव्हे, पुसून टाकायची.

आई, तुला अक्षरे अंधूक दिसतात ते बहुधा वेगळेच. विंडोजच्या शोधपट्टीत 'क्लिअरटाइप' लिहिलेस की नमुने दाखवणारी खिडकी येईल, प्रत्येक वेळी जो नमुना सुस्पष्ट वाटेल तो निवडत जा. त्याआधी बाबांनी डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशनपुढे 'रेकमेंडेड' लिहिलेलेच निवडलेले आहे ना, ते पाहावे. अक्षरे नुसती बारीक वाटत असतील तर कंट्रोल आणि अधिक, पुन्हा मूळ आकारासाठी कंट्रोल आणि शून्य.

एवढे करूनही एखादे पान सुधारले नाही, तर विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून त्या भागाचे चित्र घ्या, पानाचा पत्ता लिहा, आणि बिघडलेल्या दोन ओळी कॉपी करून मला ईमेलमध्ये चिकटवा. माझ्याकडे त्या शुद्ध मराठीत उमटल्या तर मजकूर ठीक आहे आणि तुमच्याकडच्या फॉन्टांचे काय ते मी पाहीन, नाही तर मी संकेतस्थळवाल्यांना लिहीन.

कळावे.

तुमची,
लेक