लॅपटॉप जोडायचा की घ्यायचा

चि. प्रणिता,
अनेक आशीर्वाद.

सुटे पार्ट मागवून तीस हजारांत लॅपटॉप स्वतः जोडते म्हणालीस, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

तुला जोडायची हौस आहे याचा मला आनंदच आहे. मोटारींची वाइंडिंग भरायच्या दुकानात वाढलेली पोर तू, उघडून बघितल्याशिवाय तुझं समाधान व्हायचं नाही. पण बाळा, ६२०४ नंबरची बेअरिंग सेलूत घे नाहीतर परभणीत, कुठल्याही कंपनीची घे, बसतेच; माप ठरलेलं आहे. डेस्कटॉपचंही तसंच. त्याच्या बोर्डाचं आणि डब्याचं ठरलेलं माप, एटीएक्स म्हणतात ते, १९९५ पासून चालत आलंय, त्यामुळे मदरबोर्ड एकाचा आणि डबा दुसऱ्याचा असला तरी भोकावर भोक येतं. लॅपटॉपला असं ठरलेलं माप नाही. मॉडेल बदललं की बोर्ड, पंखा, बॅटरी, बिजागऱ्या सगळं बदलतं. प्रोसेसर तर बोर्डावर सोल्डर करून, पक्का डागूनच येतो. सुटं घेत गेलीस तर तयार मशीनपेक्षा महाग पडेल, आणि स्क्रीनची एक केबल जुळली नाही की सगळं अडून बसेल.

डेस्कटॉप जोडता येईल, पण तो घेऊन तू होस्टेलातून घरी येणार कशी? आणि इथं लाइट गेली की वर यूपीएसचा खर्च.

नवा घ्यायचा तर एवढ्या पैशांत मिळणाऱ्या बऱ्याच पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. आठ जीबी म्हणजे कायमची आठ जीबी. मला ते पटत नाही.

माझं मत, कंपन्यांनी वापरून काढलेला बिझनेस लॅपटॉप घे. लेनोवोचा थिंकपॅड टी४८० बघ. २०१८ चं मॉडेल, पण रॅमचे दोन्ही स्लॉट मोकळे करता येतात, एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, बदलता येते. टी४८०एस मात्र नको, त्यात थोडी रॅम बोर्डावर पक्की आणि स्लॉट एकच. इंटेलचं कुठलंही मशीन घेतलंस तरी प्रोसेसर आठव्या पिढीच्या खालचा नको. त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ रीतसर चालत नाही, आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्येच थांबले.

दुकानात घाई करू नको. आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघ. पासवर्ड मागितला तर मशीन तिथंच ठेव, कितीही स्वस्त असो. विंडोजमधल्या पॉवरसीएफजी (powercfg) कमांडने बॅटरीचा रिपोर्ट काढ. मूळ क्षमता आणि आता फुल चार्ज होऊन भरते ती क्षमता, हे दोन आकडे शेजारी ठेव. निम्मीच भरत असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करायला सांग. टचपॅड वर उचलल्यासारखं दिसलं तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. झाकण हळू उघडून बिजागरी करकरते का ऐक, आणि एकूण एक बटण दाबून बघ.

मग ते उघड, मनसोक्त. टी४८० ला बॅटऱ्या दोन असतात. आतली बॅटरी बायोसमधून बंद करता येते. ती बंद कर, मागची काढ, मगच खालचं झाकण खोल. रॅम तिरकी घालायची, मग दोन्ही बाजूंच्या पकडी टक् करेपर्यंत खाली दाबायची. सोळाची एक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घे, दोन्ही चॅनल, म्हणजे रॅमकडे जायच्या वाटा, मिळून काम करतात. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर ज्या जागचा त्या जागी ठेव. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर आतला बोर्ड जाऊ शकतो.

सोयाबीनचे पैसे आलेत. शुक्रवारी तीस हजार खात्यावर टाकतो. मशीन पसंत पडलं की पैसे देण्याआधी खालच्या स्टिकरचा आणि बॅटरी रिपोर्टचा फोटो मला पाठव. एसएसडी मात्र नवीच घे, बिलासकट.

तुझा,
आण्णा