माझं कलम धरलं का?

रेवदंडा, रविवार

चि. राजा,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, ही इस्रायलची माणसं आपली नक्की कोण?" आणि मग जरा आवाज खाली करून, "त्यांना वाडीत काही हवंय का गं?" पहिल्याचं उत्तर मी दिलं. दुसऱ्याच्या वेळी मला खोकला आला. तो खोकला खरा नव्हता. म्हणून हे पत्र.

बाळकाका माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. 1961 मध्ये काकूला घेऊन ते इस्रायलला गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. 1948 मध्ये इस्रायल झाल्यापासून अलिबाग, पेण, रेवदंडा, सगळीकडची आपली, बेने इस्रायली ज्यूंची, घरं एकेक करून रिकामी होत होती. कोणी धर्मासाठी गेलं, कोणी नोकरीसाठी. बाबा गेले नाहीत. सुपारीच्या वाडीला पाणी कोण लावणार, एवढंच म्हणायचे. मला वाटतं त्यांना समुद्र दिसल्याशिवाय झोप लागली नसती. आणि काकांना सरकारने कुठे पाठवलं, तर दिमोनाला, वाळवंटात! गाव वसून जेमतेम सहा वर्षं झालेली. तिथल्या कापड गिरणीत ते लागले.

पत्रं यायची, निळ्या एरोग्रामवर, कडेकडेनेसुद्धा लिहिलेली. एकात होतं की जेरुसलेमला आपल्या लोकांबरोबर ते धरणं धरून बसलेत. लग्न लावायचं तर आमच्या वंशाची चौकशी करा, असा आदेश तिथल्या धर्मपीठाने काढला होता, त्याविरुद्ध. 1964 मध्ये तो बदलावा लागला. बाबांनी ते पत्र मशिदीत नेऊन सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. (तू सिनेगॉग म्हणतोस, आमच्या घरात सगळे मशीदच म्हणायचे.)

मग पत्रं बंद झाली. आम्ही पोरांनी विचारलं तर बाबा म्हणत, "त्याचं तिकडे बरं चाललंय." पुढे विचारणंही सुटलं.

3 जून 2020, निसर्ग वादळ. तू पुण्यात अडकलेला, फोन लागत नव्हते. ओटीवरची कौलं उडाली आणि माळ्यावरची बाबांची ट्रंक चिंब भिजली. पाच दिवस कागद अंगणात वाळत घातले होते मी, वर विटांचे तुकडे ठेवून. त्यात तळाशी एक एरोग्राम मिळाला, 1973 चा. काकांचंच अक्षर. घरच्यांची खुशाली, मुलीचं बारसं, गिरणीतली पाळी. आणि शेवटी एक ओळ: "विहिरीजवळचं माझं कलम धरलं का, ते कळव."

ह्या ओळीखाली बाबांनी लाल पेन्सिलीने रेघ मारली होती. "माझं" ह्या शब्दाखाली दोनदा.

कळलं ना? भावाने आंब्याची चौकशी केली आणि बाबांनी त्यात हिस्सा वाचला. कूळ कायद्यात आजोबांची भातशेती गेली होती, उरली ती एवढी वाडीच. त्या माणसाची भीती मी समजू शकते. पण त्यांनी उत्तर दिलं नाही, हे खरं. आणि काकाच आपल्याला विसरले असा जो समज मी आयुष्यभर बाळगला, तो उलटा निघाला.

शोधायचं ठरवलं तर पहिलीच अडचण अशी की मला काकांचं नावच माहीत नव्हतं. हसू नकोस. घरात बाळ, गावात बाळ, पत्राखाली सही "तुझा बाळ". जगात किती बाळ असतील! शेवटी नाव मिळालं ते सातबाऱ्यावर. बाबा गेल्यावर वारस नोंद माझी झाली, पण काकांचं नाव तिथे तसंच होतं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. ज्या कागदाच्या धास्तीने बाबांनी पत्रं थांबवली, त्याच कागदाने पत्ता लावला.

पुढचं काम आळीतल्या बायकांनी केलं. जवळजवळ प्रत्येकीचं कोणी ना कोणी तिकडे आहे, कोणी अश्दोदला, कोणी लोदला, कोणी बेरशेबाला. नाव व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलं. पण हिब्रूत बरेचसे स्वर लिहीतच नाहीत. समज पेणकर लिहिलं, तर वाचणारा पनकर वाचेल नाहीतर पिनकर. आपल्या आडनावाची तीन चुकीची माणसं आधी सापडली. त्यातल्या एक बाई नात्याच्या नाहीत हे दोन मिनिटांत ठरलं, तरी दोन तास मराठीत बोलत बसल्या. बिरड्याच्या सणाला वालाला मोड कसे आणायचे इथपर्यंत!

चौथ्या वेळी तुझ्या मावशीचा, म्हणजे काकांच्या मुलीचा, निरोप आला. खरी कशावरून? तिने एक फोटो पाठवला. मलिद्याची, म्हणजे आपल्या गोड पोह्यांच्या प्रसादाची, पितळी परात. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: आजीच्या नावाची अक्षरं, "मु. रेवदडा" आणि 1931. रेवदडा! "व"वरचा नव्हे रे, "द"वरचा अनुस्वार कोरायचा राहिला. मी फडताळातून आपली परात काढली. तू लहानपणी त्याच परातीत होड्या सोडायचास. तिच्यावरही रेवदडा. आजीच्या लग्नातल्या दोन पराती, एकाच कासाराने एकाच दिवशी चुकवलेल्या. एक इथे राहिली, एक आगबोटीने गेली.

आगबोट हा काकूचा शब्द. काकू आहे अजून, अश्दोदला, मुलीकडे. काका 2009 मध्ये गेले. तिची मराठी आपल्यापेक्षा जुनी, 1961 ची. पहिल्यांदा बोलताना मी मनाची तयारी केली होती की ती रागावेल. ती म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुमचा पत्ता बदलला असेल." वाडीचा पत्ता कसा बदलेल, राजा? तिलाही ते माहीत होतं. मला अवघड वाटू नये म्हणून बोलली.

आता महिन्यातून दोनदा बोलतो. मावशीला मराठी समजतं, बोलताना अडखळते. तिच्या मुलीला तेही नाही. पण मागच्या महिन्यात ह्याच मुलीने मलिदा करायला घेतला आणि व्हिडीओवर मला हाक मारली. जाडे पोहे अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवलेले, पार लापशी! मी इथून ओरडतेय की अगं, नुसते धुऊन चाळणीत निथळत ठेवायचे, काकू तिथून ओरडतेय, आणि ती दोघींकडे बघून हसतेय. शेवटी लापशीतच खोबरं, साखर, वेलची घालून आपल्या एलियाहू हन्नाबी पैगंबराच्या नावाने वाटलं. त्याला चालत असेल.

तीच मुलगी नोव्हेंबरात येतेय, तुझी मावसबहीण. तिला नवगावला जायचंय, आपल्या मूळ पूर्वजांचं, सात जोडप्यांचं, गलबत जिथे फुटलं म्हणतात तिथे. ते सोपं आहे, स्मारक आहे, कोणीही दाखवील. अवघड आहे ते रेवदंड्याच्या कब्रस्तानातलं. तिने वंशावळीचा तक्ता केलाय, छान केलाय, आणि त्यात खापरपणजोबा यहेज्केल लिहिलेत. त्या नावाचा दगड तिला जन्मात सापडणार नाही. आपली जुनी माणसं नावांना कोकणी वळण द्यायची: यहेज्केलचा हसाजी, शमुएलचा समाजी, इसहाकचा इसाजी, अब्राहामचा आबाजी. दगडावर हसाजी आहे. तिला हे आधी लिहून कळव, मला इंग्रजी टाईप करायला तास लागतो. आणि येताना मऊ ब्रश आण, तारेचा नको. मागे कोणीतरी अ‍ॅसिडने धुऊन एक दगड पार गुळगुळीत करून ठेवलाय. पाणी आणि ब्रश पुरे. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असताना कोरलेली अक्षरं सावलीने आपोआप उठतात.

आता तुझा दुसरा प्रश्न. नाही, त्यांनी वाडीचं नावही काढलेलं नाही. मीच काढणार आहे. सातबाऱ्यावर काकांचं नाव आहे, तर त्यांच्या मागे त्यांच्या माणसांची नावं लागायला हवीत. कसं ते वकिलाला विचारू, मृत्यूचा दाखला वगैरे मावशी पाठवील. तुला हे पटणार नाही कदाचित. त्या सुपारीतून वर्षाला काय हाती लागतं ते तुला माहीत आहे. माझ्या बापाने तेवढ्यासाठी भाऊ सोडला. मी मावशी सोडणार नाही.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितलेली नाही. कलम धरलं होतं. चांगलं धरलं होतं, तू ज्या हापूसवर चढून हात मोडून घेतलास तेच ते. निसर्ग वादळात मुळासकट आडवं झालं. ट्रंक त्यानंतर दोन दिवसांनी उघडली. एरोग्राम वाचून मी बाहेर आले तेव्हा कटरवाला त्याच्याच फांद्या तोडत होता. काकूने पहिल्याच फोनवर विचारलं, "विहिरीकडचा आंबा आहे का गं?" आणि मी "आहे" म्हणाले. तेव्हापासून दर वेळी विचारते, आणि दर वेळी मी काहीतरी सांगते, मोहोर आला, कैऱ्या गळल्या. मोहोराच्या दिवसांत बरं जातं, पावसाळ्यात काय सांगावं ते सुचत नाही.

मुलगी आली की पहिली विहिरीकडेच जाणार. तिच्या आधी काकूला कळायला हवं, आणि माझ्याच तोंडून. तू फक्त त्या वेळी बाजूला बस. गुरुवारी रात्रीपर्यंत घरी ये. शुक्रवारी आपल्याकडे दुपारचे दोन म्हणजे त्यांचे साडेअकरा, शब्बाथ लागायला वेळ असतो, काकू मोकळी असते. तो एरोग्राम प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलाय, बाबांच्या चष्म्याखाली. लाल रेघ अजून दिसते. ती तिला दाखवायची की नाही हे माझं ठरत नाहीये, आल्यावर बोलू.

सुनेला आणि पिंकीला आशीर्वाद. ब्रश विसरू नकोस.

तुझी आई