कार्डांचे बॉक्स उघडून दाखवणाऱ्यांनी पूर्ण हिशेब द्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोकेमॉन, फुटबॉलपटू, क्रिकेटपटू, कुस्तीगीर यांच्या संग्रहकार्डांची चकचकीत पाकिटे हल्ली मुंबईतील शाळकरी मुलांच्या दप्तरात सर्रास सापडतात. पाकीट विकत घेण्याआधी ही मुले कुणीतरी कॅमेऱ्यासमोर तसाच बॉक्स उघडून त्याचे परीक्षण करतो, ते मन लावून पाहतात. आता मराठीतूनही अशी परीक्षणे ऐकायला मिळतात, याचा मला आनंद आहे. मुलांना आपल्या भाषेत एखाद्या वस्तूची चिकित्सा ऐकायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु गणित शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, आणि त्या नात्याने या परीक्षणांत मला एक मोठी उणीव दिसते. त्यांत हिशेब नसतो. बॉक्स कितीला घेतला, त्याचे पैसे कोणी दिले, आत एकूण काय निघाले आणि त्यातले उपयोगाचे किती, हे क्वचितच सांगितले जाते. माझे म्हणणे एवढेच आहे, की बॉक्स उघडून दाखवणाऱ्याने पूर्ण हिशेब द्यावा आणि पाकीट विकणाऱ्याने आतल्या दुर्मीळ कार्डांची शक्यता वेष्टनावर छापावी.

ज्या पालकांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडा तपशील देते. पोकेमॉन या काल्पनिक प्राण्यांच्या जपानी मालिकेवरचा पत्त्यांचा खेळ १९९६ मध्ये जपानमध्ये सुरू झाला आणि १९९९ मध्ये इंग्रजीत आला. इंग्रजी आवृत्तीच्या एका बूस्टर बॉक्समध्ये, म्हणजे पाकिटांच्या सीलबंद खोक्यात, सर्वसाधारणपणे ३६ पाकिटे असतात आणि सध्याच्या पाकिटात साध्या ऊर्जा-कार्डाव्यतिरिक्त दहा कार्डे निघतात, म्हणजे बॉक्समागे सुमारे ३६० कार्डे झाली. यातली बहुसंख्य कार्डे सामान्य वर्गातली असतात आणि तीच ती पुन्हा पुन्हा येतात. ज्यांच्यासाठी मुलांचा जीव टांगणीला लागलेला असतो ती पूर्णचित्राची, सोनेरी कडांची किंवा विशेष छपाईची कार्डे मोजकीच असतात. एखादे विशिष्ट दुर्मीळ कार्ड किती पाकिटांमागे एक येते, हे पोकेमॉनच्या पाकिटावर छापलेले नसते. छंदी मंडळी हजारो पाकिटे उघडून त्याचा अंदाज बांधतात. उलट अमेरिकेतील बेसबॉल आणि अन्य खेळांच्या अनेक कार्डांच्या पाकिटांवर अमुक प्रकारचे कार्ड अमुक पाकिटांमागे एक, असे प्रमाण वर्षानुवर्षे छापले जाते. तेव्हा हे अशक्य आहे, असे कोणत्याही कंपनीला म्हणता येणार नाही.

इथे थोडे गणित करावेच लागेल, कारण सगळा गैरसमज याच ठिकाणी होतो. समजा, एखादे कार्ड सरासरीने ३६ पाकिटांमागे एक येते. मूल म्हणते, ‘बॉक्समध्ये ३६ पाकिटे आहेत, म्हणजे एक बॉक्स घेतला की ते मिळणारच.’ प्रत्यक्षात प्रत्येक पाकीट स्वतंत्र धरले तर संपूर्ण बॉक्स उघडूनही ते कार्ड न मिळण्याची शक्यता शंभरात ३६ इतकी उरते. आता समजा, ते कार्ड ३०० पाकिटांमागे एक येते. मग शंभर जणांनी एकेक बॉक्स उघडला तर साधारण अकरा जणांनाच ते सापडेल. त्या अकरा जणांचा आनंद अनावर असतो, ते चित्रफीत टाकतात आणि ती लाखो मुले पाहतात. उरलेल्या एकोणनव्वद जणांपैकी बहुतेक जण काहीच टाकत नाहीत. पाहणाऱ्या मुलाला तर अकराच माणसे दिसतात, आणि त्याच्या दृष्टीने ते कार्ड प्रत्येक बॉक्समध्ये असते. यात कोणी खोटे बोललेले नाही. तरीही मुलाच्या मनात तयार झालेले चित्र पूर्णपणे खोटे आहे, आणि ते दुरुस्त करण्याची जबाबदारी परीक्षण करणाऱ्यावर येते, कारण ते चित्र त्याच्याच चित्रफितीतून तयार झाले आहे.

संच पूर्ण करण्याचे गणित तर याहून कठीण आहे. शंभर वेगवेगळ्या कार्डांचा संच असेल आणि प्रत्येक कार्ड सारख्याच प्रमाणात येत असेल, असे अगदी उदारपणे धरले, तरी एकट्याने तो पूर्ण करायला सरासरी ५१९ कार्डे घ्यावी लागतात. शेवटची चार-पाच कार्डे सर्वांत महाग पडतात, कारण तोवर हाती येणारे जवळजवळ प्रत्येक कार्ड ‘डबल’ असते. म्हणूनच हा छंद मुळात अदलाबदलीचा आहे. सोसायटीच्या जिन्यावर बसून दोन मुले आपापली डबल कार्डे मांडतात, घासाघीस करतात, एकाच्या तीन सामान्य कार्डांना दुसऱ्याचे एक चांगले कार्ड असा भाव ठरवतात. तेव्हा ती या छंदाचा खरा लाभ घेत असतात. बॉक्सवर बॉक्स फोडून दाखवणाऱ्या परीक्षणांत ही बाजू जवळजवळ कधीच येत नाही.

माझ्या विद्यार्थ्यांच्या आधीच्या पिढ्यांनाही कार्डांचे वेड होते. च्युइंगगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे होती, आणि नव्वदच्या दशकात कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे होती. त्यांच्यावरील छातीचे माप, वजन आणि क्रमांक मुलांना पाढ्यांपेक्षा चांगले पाठ असत. मात्र ट्रम्प कार्डांचा संच अख्खा मिळत असे. दुकानदाराला पैसे दिले की आत कोण कोण आहे हे आधीच ठाऊक असे, आणि खेळ सुरू होत असे तो घरी आल्यावर. आजच्या पाकिटात विकत घेण्याची क्रियाच खेळ झाली आहे. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुर्मीळपणाचे स्वरूपही पालटले आहे. अमेरिकेतील टॉप्स कंपनीने १९५२ मध्ये काढलेले मिकी मँटल या बेसबॉलपटूचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. त्या वर्षीची न खपलेली कार्डे पुढे न्यूयॉर्कजवळ समुद्रात बुडवण्यात आली, असे ती कार्डे घडवणाऱ्या साय बर्गर यांनीच सांगून ठेवले आहे. म्हणजे ते कार्ड दुर्मीळ व्हावे, असा कोणाचाही बेत नव्हता. मुलांनी सायकलच्या चाकाला अडकवली, आयांनी केरात टाकली, कंपनीने बुडवली, आणि जी उरली ती मोलाची झाली. आज मात्र कोणते कार्ड किती कमी छापायचे, हे कारखान्यातच ठरते. अमुक इतक्याच प्रती, असा क्रमांक काही कार्डांवर छापलेलाही असतो. जिथे टंचाई ठरवून निर्माण केली जाते, तिथे तिचे प्रमाण जाहीर करणे हे विक्रेत्याचे कर्तव्यच ठरते. आपल्या राज्याची लॉटरी १९६९ पासून चालू आहे. तिच्यातही बक्षिसे किती आणि केवढ्या रकमेची, हे आधी जाहीर करावे लागते.

आता परीक्षणाकडे वळते. हापूसची पेटी घेताना मुंबईकर वरच्या थरावर कधी विश्वासत नाही, खालचा गवताआडचा आंबा काढून दाखवायला लावतो. कार्डांच्या बॉक्सचे परीक्षण करणाऱ्याकडून माझी अपेक्षा तीच आहे. बॉक्सचे बाहेरचे प्लॅस्टिक वेष्टन शाबूत आहे का, त्यावर कंपनीचे चिन्ह आहे का, हे आधी दाखवावे. मग मध्ये काटछाट न करता सर्व पाकिटे उघडावीत आणि सामान्य कार्डांसह सगळी कार्डे वर्गवार मोजावीत. डबल किती आली, कडा दबलेली किंवा छपाई एका बाजूला सरकलेली किती निघाली, हेही सांगावे, कारण कार्डाची किंमत त्याच्या अवस्थेवर अवलंबून असते. पीएसए ही १९९१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकी संस्था कार्डांना एक ते दहा गुण देते, आणि नऊ व दहा गुणांच्या भावात पुष्कळदा मोठी तफावत असते. ‘या कार्डाची किंमत इतके हजार’ असे सांगताना तो कोणी मागितलेला भाव आहे की प्रत्यक्ष विक्रीचा, हे स्पष्ट करावे. मागणारा काहीही मागू शकतो. आणि शेवटी, एका बॉक्सवरून त्या संपूर्ण मालिकेविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे वाक्य प्रत्येक परीक्षणात मोठ्याने उच्चारले जावे.

सीलबंद या शब्दाचाही भरवसा किती धरायचा, याचे उदाहरण जगासमोर आहे. लोगन पॉल या प्रसिद्ध अमेरिकी व्यक्तीने पोकेमॉनच्या पहिल्या आवृत्तीचे सीलबंद बॉक्स म्हणून ३५ लाख डॉलर मोजून एक खोका विकत घेतला. खोका खरा असल्याची खात्री जाणकारांनी दिली होती, तरी जानेवारी २०२२ मध्ये तो उघडल्यावर आत जी. आय. जो या भलत्याच मालिकेची कार्डे निघाली. खेळण्यांच्या दुकानातील तीनशे-चारशे रुपयांच्या पाकिटाबाबत कोणी एवढी चौकशी करत नाही. पाकिटे वजन करून जड तेवढी बाजूला काढणे, उघडून पुन्हा चिकटवणे, हे प्रकार या छंदात जगभर होत आले आहेत. सुटे पाकीट घेण्यापेक्षा बंद बॉक्स घेऊन दोघातिघांनी वाटून घेणे म्हणूनच अधिक सुरक्षित असते. हेही परीक्षकांनी सांगायला हवे.

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या घाऊक गल्ल्यांपासून उपनगरांतील स्टेशनरीच्या दुकानांपर्यंत सोनेरी प्लॅस्टिकच्या पोकेमॉन कार्डांचे गठ्ठे सर्वत्र लटकलेले दिसतात. ते बनावट आहेत. मुलांनी त्यांच्याशी खेळावे, त्याला कोणाची हरकत नसावी. पण ‘घरी पडलेली सोनेरी कार्डे लाखोंची असू शकतात’ असे मथळे देऊन मुलांना भुलवणे अनुचित आहे. अस्सल कार्डाच्या कागदाच्या दोन थरांमध्ये गडद थर असतो, त्यामुळे प्रखर दिव्यासमोर धरल्यास त्यातून प्रकाश फारसा आरपार येत नाही. बनावट कार्डांवर शब्दलेखनाच्या चुका असतात आणि मागच्या बाजूचा निळा रंग निराळा दिसतो. एवढे तीन मुद्दे एखाद्या मराठी परीक्षकाने पाच मिनिटांत दाखवले, तरी कितीतरी घरांतील पैसे आणि हिरमोड वाचेल.

यासाठी नवे कायदे हवेत असे मुळीच नाही. आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार पाकिटावर किंमत, आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि तक्रारीसाठी संपर्क असणे बंधनकारक आहे. पाकिटावर हा मजकूर नसेल तर पालकांनी ते परत करावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांच्या अननुभवाचा वा भाबडेपणाचा फायदा घेणारी आणि त्यांच्या मनात अवास्तव अपेक्षा निर्माण करणारी जाहिरात करता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी आलेल्या सूचनांप्रमाणे वस्तू फुकट मिळाली असेल किंवा मोबदला घेतला असेल तर ते चित्रफितीतच, दृश्य आणि श्राव्य अशा दोन्ही रूपांत, सांगावे लागते. खालच्या वर्णनात बारीक अक्षरांत लिहून भागत नाही. ‘दुकानाने पाठवलेला बॉक्स’ ही माहिती म्हणूनच पहिल्या मिनिटातच आली पाहिजे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

इतर देशांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. चीनने जून २०२३ मध्ये आत काय आहे हे न दाखवता विकल्या जाणाऱ्या खोक्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि आठ वर्षांखालील मुलांना ती विकण्यास मनाई केली. विशिष्ट वस्तूंचा संच जमल्यावरच बक्षीस देणाऱ्या मोबाइल खेळांतील सोडतीला जपानने २०१२ मध्ये आळा घातला. ज्या देशात पोकेमॉनचा जन्म झाला, त्या देशाला मुले आणि सोडत यांचे नाते चिंतेचे वाटले, याची आपण नोंद घ्यावी. तरीही मी बंदीच्या बाजूची नाही. या कार्डांवरील चित्रे अनेकदा अप्रतिम असतात, पोकेमॉनच्या बहुतेक कार्डांवर चित्रकाराचे नाव छापलेले असते, आणि खेळाचे नियम वाचून दोन डाव खेळणारे मूल बेरीज, वजाबाकी आणि डावपेच आपोआप शिकते. मला हा छंद टिकायला हवा आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती करून थांबते. मुलांच्या पुरवणीत सुट्टीच्या काळात एक सदर चालवावे. ज्यांनी बॉक्स किंवा पाकिटे घेतली असतील त्या मुलांनी पालकांच्या मदतीने मालिकेचे नाव, पाकिटांची संख्या, मोजलेली किंमत, प्रत्येक वर्गातील कार्डे आणि डबल यांची नोंद कळवावी, आणि काहीच विशेष न निघालेल्यांनी तर ती आवर्जून कळवावी. चार-सहा आठवड्यांत मुंबईतील मुलांनी स्वतः मोजलेले प्रमाण हाती येईल आणि ते कोणत्याही एका चित्रफितीपेक्षा अधिक विश्वसनीय असेल. अशा नोंदीसाठी लागणारा तक्ता तयार करून देण्याची आणि आलेल्या आकड्यांची बेरीज तपासण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणितशिक्षिका,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई