कपातली अंगठी

आयर्व्हिंग, टेक्सस

प्रिय शुभे,

आठ महिने पत्र नाही, फोनवर नुसती गुलाबाची गुड मॉर्निंग. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येती बऱ्या, माझी पाठ तेवढी तशीच.

परवा रात्री टीव्हीसाठी केलेला एक जुना सिनेमा पाहिला, १९९३ चा. केनेडींच्या खुनाचा आरोप असलेल्या ऑस्वाल्डची रशियन बायको मरीना. काम हेलेना बॉनम कार्टरचं. १९६२ मध्ये तान्ही पोर घेऊन नवऱ्याबरोबर मिन्स्कहून इकडे आली. इंग्रजी येत नव्हतं आणि तिने शिकावं असं त्यालाही वाटत नव्हतं. बाविसाव्या वर्षी विधवा, धाकटी मुलगी पाच आठवड्यांची.

आणि हे कुठे, तर आमच्या आयर्व्हिंगमध्ये! रूथ पेनबाईंकडे ती राहायची, ते घर आता गावाने संग्रहालय केलंय. मागे पाहुण्यांना दाखवायला गेलो होतो, तेव्हा गॅरेजपाशी उभी राहून मी इडलीचं पीठ फुगलं असेल का याचा विचार करत होते. खुनाच्या दिवशी त्याच गॅरेजमध्ये पोलिसांनी मरीनाला विचारलं, नवऱ्याकडे बंदूक आहे का? तिने घोंगडीची वळकटी दाखवली. शिपायाने उचलली तर ती हातात लुळी पडली, आत बंदूक नव्हतीच. सकाळी जाताना नवरा लग्नाची अंगठी कपात ठेवून गेला होता, तेही नंतर कळलं.

मला तिथे रडूच फुटलं.

घाबरू नकोस, आमच्याकडे खूनबिन नाही. हा झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतो. पण याची नोकरी गेली होती. बावन्न दिवस. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर या व्हिसावर गाशा गुंडाळायचा, आणि हा रोज साडेआठला डबा घेऊन निघायचा, लायब्ररीत बसायचा, संध्याकाळी डबा धुऊन आणायचा. धुऊन! अकरा वर्षांत कधी धुतला नव्हता. मला वाटलं, सुधारला. नवी नोकरी लागल्यावर भाकरी मोडता मोडता सांगतो, "आता झालं ना सगळं नीट? तुला उगाच काळजी कशाला."

यावर काय बोलणार? नीट झालंयच. पण कपडे मशीनला टाकताना त्याच्या खिशातलं ऑफिसचं कार्ड मीच काढून ठेवते. ते सगळे दिवस हात खिशात जायचा, रिकामा यायचा आणि मी मशीन चालू करायची.

मरीना आधी खुनाच्या चौकशी आयोगापुढे म्हणाली, त्यानेच मारलं. बऱ्याच वर्षांनी म्हणायला लागली, त्याने नाही. १९८१ मध्ये तर आत तोच आहे का हे बघायला कबर उकरायला लावली. तोच निघाला. लोक तिला वाट्टेल ते म्हणोत, मला कळतं. मीही सोमवारी म्हणते, बिचाऱ्याने एकट्याने सोसलं. मंगळवारी वाटतं, तो धुतलेला डबा डोक्यात घालावा.

विलिंग्डन कॉलेजच्या कँटीनमध्ये तू म्हणाली होतीस, "माणूस गोड आहे गं, पण सांगत काही नाही." त्यावरून चार महिने अबोला. लग्नाच्या फोटोत तू अजून फुगलेली दिसतेस.

काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? आणि हेडबाई झालीस म्हणे, पेढे कुठेत? हा आला वाटतं, गॅरेजचं दार वाजलं. थांबते.

तुझी,
मंजू

ता. क. तू तेव्हा बरोबर होतीस असं मी वर कुठेही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचून बघ.